गोल्फच्या गावची दूर्वा

वाळवंटात, समुद्राच्या खाऱ्या काठावर, डोळे दिपतील इतकं हिरवं गवत दिसलं की लोक फोटो काढतात. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न येतो: याला पाणी कुठलं? त्याला माझा इलाज नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं पाणी तपासते आहे. विहिरीचं, टाकीचं, स्विमिंग पूलचं, आणि जे पाणी कशाचं आहे हे जेवताना सांगू नये तेही.

खोर सिद्रा हे गाव अजमानपासून तासाभरावर आहे. एकेकाळी मासेमारीचं होतं म्हणतात. आता तिथे गोल्फ आहे, आणि गोल्फशिवाय दुसरं काहीही नाही. गावात शिरताच चौकात सिमेंटचा प्रचंड पांढरा चेंडू आहे, त्यावर कबुतरांनी आपली कामगिरी करून ठेवलेली. न्हाव्याच्या दुकानाचं नाव बर्डी सलून, धोब्याचं होल-इन-वन लाँड्री. मच्छीमारांच्या दोन जुन्या होड्या रंगवून क्लबच्या दारात ठेवल्या आहेत आणि त्यांत पिटुनिया लावलेत. समुद्र एवढा समोर पसरलेला, पण सगळं गाव त्याच्याकडे पाठ करून एका भोकाकडे बघत उभं असतं. पहिल्या दहा मिनिटांतच मला त्या गावाची शिसारी आली.

पण जाणं भाग होतं. माझ्या नवऱ्याची, कुणालची, नोकरी नोव्हेंबरात गेली. माझ्या एकटीच्या पगारात अजमानचं घरभाडं आणि आमच्या आभाची शाळा, यांतलं एकच काहीतरी भागतं. मार्चपर्यंत काही जमलं नसतं तर आम्ही चंबूगबाळं आवरून परत निघणार होतो. आणि अशात विजयकुमारांचा फोन आला. हे मूळचे सांगलीकडचे, इथे वीस वर्षं कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, माणूस वजनदार. कुणालला त्यांनी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून घ्यायचं कबूल केलं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्याआधी शनिवारी माघी गणेशजयंती, तेव्हा शुक्रवारीच आमच्या खोर सिद्राच्या व्हिलावर राहायला या, असं आग्रहाचं बोलावणं आलं. नाही कोण म्हणणार?

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

त्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीची आणि मागच्या बाजूच्या सांडपाणी प्लँटची देखभाल विजयकुमारांच्या कंपनीकडे आहे. गावातल्या, हॉटेलातल्या सगळ्या संडास-मोऱ्यांचं पाणी त्या प्लँटमध्ये येतं, साफ होतं आणि गवतावर मारलं जातं. यात वाईट काहीच नाही. या देशात सगळीकडे तसंच करतात, आणि नीट साफ केलं तर ते पाणी गवताला उत्तमच असतं. फक्त ते नीट साफ झालंय का, हे कुणीतरी तपासावं लागतं. डिसेंबरात त्यांचा नमुना माझ्या टेबलावर आला. माणसाच्या आतड्यातले जंतू त्यात मोजायचे असतात. ते शंभराच्या आत हवेत. निघाले चाळीस हजार.

मी रिपोर्ट टाईप करून मॅनेजरकडे नेला. आमचे रामेश्वरजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, सॅम्पलिंग एरर होगा. बडा क्लायंट है. री-सॅम्पल मंगवा लेते हैं." दुसऱ्या दिवशी क्लायंटच्याच माणसाने नवी बाटली आणून दिली. मी तिच्यातले क्षार मोजले. सांडपाणी कितीही साफ केलं तरी त्यातले क्षार हजाराच्या पुढे असतात. या बाटलीत एकशे बारा. म्हणजे सुपरमार्केटमध्ये मिळतं ते, पिण्याचं, बाटलीबंद पाणी. हे कळायला केमिस्ट्रीची पदवीसुद्धा लागत नाही.

मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. बाटलीत जे होतं तेच लिहिलं. नमुना कुठला, या रकान्यात 'गोल्फ कोर्स, सिंचन' असं आधीच छापलेलं होतं. त्याखाली मी सही केली. दोन आठवड्यांनी कुणालला फोन आला. मी त्या दोन गोष्टी एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या नाहीत. कुणालनेही विचारलं नाही. आमच्या घरात तेवढा समजूतदारपणा आहे.

शुक्रवारी दुपारी पोचलो. विजयकुमारांच्या पत्नी शोभनावहिनी मनाने मोठी बाई. दारातच आभाच्या हातात लाडू, माझ्या केसांत गजरा. व्हिला फेअरवेला अगदी लागून, म्हणजे ज्या लांब हिरव्या पट्ट्यावरून चेंडू मारत नेतात, तो त्यांच्या ओट्यापासून दहा पावलांवर. विजयकुमारांनी चहा झाल्या झाल्या आम्हाला बॅटरीच्या गाडीत घातलं आणि आपलं साम्राज्य दाखवायला काढलं. एका हातात पांढरा हातमोजा, डोक्यावर टोपी. त्यांच्या पोटावर तो टीशर्ट बिचारा जिवावर उदार होऊन ताणला गेला होता.

"ये मेंबरशिप का पता है कितना है? चाळीस हजार दिरहॅम. म्हणजे साडेनऊ लाख रुपये, कुणाल. वर्षाचे! आणि तरी वेटिंग."

"वॉव, सर," कुणाल म्हणाला.

गाडी थांबली ती एका गोऱ्या म्हाताऱ्याजवळ. त्याने गवतातून आपला चेंडू उचलला, त्यावर चिकटलेला चिखल बघितला, आणि जीभ काढून तो चेंडू चक्क चाटला. मग पँटला पुसला. त्याच्या दातांत चेंडू टेकवायची लाकडी खुंटी होती, नुकतीच जमिनीतून उपटलेली. ती तो दातकोरणीसारखी चावत होता.

"मम्मा! ही लिक्ड इट!" आभा ओरडली. नऊ वर्षांची आहे.

"बेटा, प्रो लोक असंच करतात," विजयकुमार हसत म्हणाले.

वाऱ्याबरोबर एक वास येतच होता. इतरांना तो नुसता ओल्या गवताचा वाटला असेल. मला त्याच्या खालचा कळत होता, न वाळलेल्या पोछ्याचा. रस्त्याच्या कडेने जांभळे पाइप आणि प्रत्येक वळणावर एक पाटी: प्रक्रिया केलेलं पाणी आहे, पिऊ नका, हात लावू नका. इंग्रजीत, अरबीत आणि उर्दूत. सगळा कायदा व्यवस्थित पाळलेला.

"तोंड नीट कर," कुणाल हळूच म्हणाला. "सोमवारपर्यंत, मुग्धा. प्लीज."

मी तोंड नीट केलं.

विजयकुमारांचे वडील, बापू, महिन्याभरासाठी गावाहून आले होते. एकोणऐंशी वय, काटक, अंगात पांढरी बंडी. ते पाटकरी होते. म्हणजे पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या दारांवर. कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं हे जन्मभर त्यांनी केलं. संध्याकाळी मी पाणी तपासते हे ऐकल्यावर ते खुर्ची ओढून माझ्याजवळच बसले.

"म्हंजी तू बी पाण्याचीच मानूस," ते म्हणाले. "लई जबाबदारीचं काम बघ पोरी. आमच्याकडं लोक दार उघडाय पैसं घिऊन यायचं. म्या म्हनायचो, पाणी काय माझ्या बापाचं हाय व्हय? पाळी आसंल तवा मिळंल." मग मुलाकडे बघून कौतुकाने, "आता ह्यो बघ. वाळवंटात पाट काढलाय."

त्या घरात मला आवडलेलं तेवढं एकच माणूस. म्हणून त्यांच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळत होते.

सकाळी उठून ओट्यावर आले तर बापू फेअरवेवर अनवाणी फिरत होते. गवत ओलंचिंब, पात्यापात्यावर थेंब, उन्हात चमकणारे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चार पावलं चालायचे, वाकायचे, गवतावरून बोटं फिरवायचे आणि ती ओली बोटं डोळ्यांना लावायचे.

"बापू!" मी ओरडलेच. "अहो, काय करताय?"

"दव हाय गं. डोळ्यास्नी थंडावा. माझी आई म्हनायची, पहाटचं दव डोळ्यास्नी लावलं की म्हातारपनी चष्मा लागत न्हाई." चष्मा त्यांना होताच, तो कपाळावर होता.

ते दव नव्हतं. पहाटे चार वाजता इथे स्प्रिंकलर सुरू होतात आणि साडेपाचला बंद. खिडकीतून मी त्यांचा आवाज ऐकला होता. आता सांग, माझं मन म्हणालं. सांग की हे गटाराचं पाणी आहे.

"चप्पल घाला ना, बापू," मी म्हणाले. "गवतावर औषध मारतात, पायाला खाज येईल."

"माझ्या पायास्नी काय हुतंय!" ते हसले.

इतक्यात जांभळ्या पाइपाच्या तोटीपाशी बसलेला एक माणूस उठून आला. पन्नाशीचा पठाण, दाढी मेंदीने रंगवलेली, खाकी डगल्यावर नाव शिवलेलं: हमदुल्ला. त्याने छातीवर हात ठेवून बापूंना सलाम केला आणि म्हणाला, "बाबाजी, इसको हाथ मत लगाओ. आँख को तो बिलकुल नहीं. ये पानी गंदा है. मशीन ठीक से काम नहीं करता, मैं तो रोज़ बोलता है." त्याने आपले तळहात दाखवले. बोटांच्या मधली कातडी फाटून पांढरी पडली होती.

बापूंना हिंदी अर्धंच कळलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत ओट्यावरून विजयकुमारांचा आवाज आला, "ए हमदुल्ला! गेस्ट को परेशान मत करो. यल्ला, अपना काम करो." हमदुल्ला पुन्हा छातीवर हात ठेवून निघून गेला. दरमहा हजार दिरहॅम मिळवणारा तो माणूस जे बोलला, तेवढंच मला बोलायचं होतं. माझी मलाच किळस आली, पण तिनेही जीभ हलली नाही.

आणि मग शोभनावहिनी बाहेर आल्या, हात कपाळाला लावून.

"अहो, दूर्वा राहिल्या! शारजाच्या घरी फ्रिजमध्येच राहिल्या! बर दुबईच्या बाजारातून मुद्दाम आणल्या होत्या, दहा दिरहॅमची जुडी, म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये झाले की हो, गवताला! आता दूर्वांशिवाय गणपती कसा बसवू?"

बापूंनी खाली बघितलं. वाकले, गवतात बोटं घातली, एक कोंब खुडून डोळ्यांपुढे धरला. तीन पानं, मधलं उभं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"सूनबाई, ही काय मग? हरळीच हाय की ही! आपल्या बांधावरची हरळी! म्या कालपास्नं बघतोय, वळखीची वाटतीया."

आणि खरंच होतं ते. ज्या गवतासाठी साहेब लोक साडेनऊ लाख मोजतात, ती दूर्वाच आहे. उष्ण देशांतल्या गोल्फ कोर्सवर तीच लावतात. आपण शेतातून जिला उपटून उपटून थकतो, तिच्यावर इथे विमानाने येऊन चेंडू मारतात. वहिनी आनंदाने टाळ्या वाजवायला लागल्या. "बाप्पाने स्वतःच सोय केली बघ, मुग्धा! एवढ्या मोठ्या मैदानात नुसती दूर्वाच दूर्वा!"

आभाला हाक मारून गवतात उतरवलं. म्हातारा आणि पोर, दोघं उकिडवे बसून एकवीस-एकवीस दूर्वा मोजत खुडायला लागले. बापू तिला तीन पानांचा कोंब कसा ओळखायचा ते शिकवत होते आणि आभा इंग्रजीत मोजत होती. मी तिथेच उभी होते. "मी धुऊन आणते," एवढं मी म्हणाले आणि जुडी घ्यायला हात पुढे केला.

"छे गं, धुवायच्या कशाला?" वहिनींनी जुडी छातीशी धरली. "दवासकट वाहायच्या. असं भाग्य गावातसुद्धा मिळत नाही आता."

मी कुणालला मोरीपाशी गाठलं. तो दाढी करत होता. "त्या दूर्वा पूजेत घेऊ नका म्हणून सांग," मी म्हणाले. "ते पाणी खराब आहे. मला माहीत आहे."

त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे."

त्याने रेझर पाण्याखाली धरला. मग म्हणाला, "दूर्वा देवाला वाहतात, मुग्धा. खात नाहीत कुणी." आणि पुन्हा दाढी करायला लागला. सगळं त्याला कळलं होतं, आणि कळलेलं त्याने फेसाबरोबर धुऊन टाकलं. मला त्याची घाण वाटली. मग आठवलं की मीही तेच केलंय, फक्त दोन महिने आधी.

पूजा साडेअकराला सुरू झाली. हॉलमध्ये चौरंग, चांदीची लहानशी मूर्ती ताम्हनात, काचेच्या भिंतीपलीकडे साहेब लोक गाड्यांतून जाताना दिसत होते. मोबाइलवर गुरुजींचं रेकॉर्डिंग लावलेलं. विजयकुमार सोवळं नेसून पाटावर बसले. दूर्वांची जुडी कलशातल्या पाण्यात बुडवायची आणि मूर्तीवर शिंपडायची, असा त्यांच्या घरचा अभिषेक. एकवीस वेळा. प्रत्येक वेळी जुडी पाण्यात बुडत होती, निथळत होती, पुन्हा बुडत होती. कलशातलं पाणी हळूहळू गढूळ होत गेलं. पात्यांची बारीक माती तळाशी बसली. त्यात दूध पडलं, मध पडला, तुळस पडली. मी मोजत होते. दूर्वा नव्हे, दुसरंच काही.

बापू मूर्तीसमोर बुटक्या खुर्चीवर बसले होते. मध्येच म्हणाले, "विजू, त्यो पठाण सकाळी काय म्हनत हुता रं? पानी घाण हाय म्हनत हुता न्हवं?"

वहिनींचा हात थांबला. "कुठलं पाणी? अहो, या गवताला गटाराचं पाणी घालतात असं त्या पलीकडच्या मेननबाई पण म्हणत होत्या. खरं का हो?"

"काहीतरीच!" विजयकुमार जराही न बिचकता म्हणाले. "ट्रीटेड वॉटर आहे. टेस्टेड आहे. लॅबचा रिपोर्ट आहे माझ्याकडे." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसले. "आणि दुसऱ्या कुणाला कशाला विचारता? ज्यांची सही आहे त्या इथेच बसल्यात. काय मुग्धा? पाणी ठीक आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी, बापू, आभा. कुणाल तेवढा खाली बघत होता, सतरंजीची दोरी बोटाला गुंडाळत. सोमवार दोन दिवसांवर होता. आभाच्या शाळेचा निळा गणवेश, आमच्या अजमानच्या घराची बाल्कनी, सगळं माझ्या एका शब्दावर टांगलेलं होतं. आणि माझी सही खोटी ठरली तर लॅबमधून मी जाणार होते ते वेगळंच.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"बघा!" विजयकुमार म्हणाले.

"मग झालं तर," बापू म्हणाले. "पोरगी पाण्याची मानूस हाय. तिला कळतं." आणि त्यांनी हात जोडले.

आरती झाली. वहिनींनी ताम्हनातलं अभिषेकाचं पाणी पंचपात्रात ओतलं, त्यात तीन दूर्वा तरंगत ठेवल्या, आणि पळी घेऊन तीर्थ द्यायला उठल्या. अकाली मरण टळो, सगळ्या व्याधी जावोत, असा अर्थ असलेला तो मंत्र रेकॉर्डिंगवर चालू होता. तीर्थाचा पहिला मान वडीलधाऱ्यांचा.

बापूंनी उजव्या हाताची वाटी करून पुढे केली. पाटकऱ्याचा हात, जाड, चिरा पडलेला. वहिनींनी पळी ओतली. बापूंनी डोळे मिटले आणि तोंडाला लावली. पुन्हा हात पुढे. पुन्हा. तीन वेळा. घशातली गाठ तीन वेळा वरखाली झाली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्यांच्या ओठाला एक हिरवं पातं चिकटलं होतं. ते त्यांनी जिभेने आत घेतलं, देवाचं आहे म्हणून.

मग विजयकुमार. त्यांनी तीर्थ हातावर घेतलं, मान खाली घातली, आणि हात ओठांच्या जरा खालूनच वर नेऊन केसांवर फिरवला. एक थेंब तोंडात गेला नाही. इतक्या सफाईने केलं की शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला कळलं नाही. मला कळलं. म्हणजे यांना ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं, आणि स्वतःच्या बापाला ते घोटघोट पिऊ दिलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका ताटात जेवणारी माणसं बघतात तसं.

कुणालने घेतलं. एका दमात, औषधासारखं. मग पळी माझ्यापुढे आली. मी घेतलं. दुधाची, मधाची चव होती, आणि खाली तो वास. गिळलं, ते परत वर आलं, ते पुन्हा गिळलं. निदान मी प्याले, असं मला वाटलं. जणू त्याने काही फिटणार होतं.

"आता माझी दूर्वा तोडणारी राणी," वहिनी म्हणाल्या, आणि आभापुढे वाकल्या.

आभाने सकाळी बापूंकडून शिकल्याप्रमाणे उजव्या हाताची वाटी केली. डावा हात खाली धरला. पळीतलं पाणी तिच्या एवढ्याशा तळहातात पडलं, आणि तिने मोठ्या माणसासारखे डोळे मिटले.

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. मी तिच्या हातावर फटका मारला. पाणी उडालं, वहिनींच्या पैठणीवर, चौरंगावर. पळी संगमरवरावर वाजत दूर गेली.

"थुंक!" मी ओरडत होते. "थुंक म्हणते ना! घाण आहे ते! गटाराचं पाणी आहे!" ती प्यालीसुद्धा नव्हती. तिचा हात मी माझ्या पदराने खसाखसा पुसत होते, बोटांच्या मधून, नखांच्या कडांनी, पुन्हा पुन्हा.

"बट मम्मा," आभा रडायला लागली. "यू सेड इट्स ओके. यू जस्ट सेड."

"मुग्धा," विजयकुमारांचा आवाज एकदम साहेबी झाला. "नीट विचार करून बोल. रिपोर्टवर तुझी सही आहे."

"सही माझीच आहे," मी म्हणाले. "पाणी इथलं नव्हतं. दुकानातलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी सही केली. आणि तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही तीर्थ प्यायला नाहीत. केसांना पुसलंत."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. विजयकुमारांचा हात नकळत केसांवर गेला होता. "अहो?" त्या म्हणाल्या. नुसतंच, "अहो?" विजयकुमार उठले आणि मोबाइलवरचा मंत्र बंद केला. कुणाल भिंतीला पाठ टेकून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेला जाताना हॉल तिकीट घरी राहिलेल्या मुलासारखा दिसत होता.

बापू खुर्चीत होते तसेच बसले होते. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने ओठ पुसले. मग तो हात बंडीला पुसला. आधी त्यांनी मुलाकडे बघितलं. विजयकुमार काचेबाहेर बघत होते. मग बापू माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. कालव्याचं दार चुकून उघडं राहिलं तर हाताखालच्या माणसाला विचारावं, तसं विचारलं.

"पोरी, मला पळी दिली तवा तू हितंच हुतीस न्हवं?"

"होते, बापू."